ऑरगॅनिक केमिस्ट्री सोडावी का?

अमेरिकेत प्रीमेड, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाआधीची पदवीस्तरावरील तयारी, करणाऱ्या विद्यार्थ्याने ऑरगॅनिक केमिस्ट्री सोडण्याचा निर्णय पहिल्या परीक्षेचे गुण हाती आले त्याच संध्याकाळी घेऊ नये, असे मी अगदी कळकळीने सांगेन. आधी उरलेल्या परीक्षांना किती भार आहे ते पाहून 'बी' गाठणे शक्य आहे का, याचा कागदावर हिशेब मांडा. हा विषय शिकताना माझ्या वहीत अभिक्रिया पाठ केलेल्या होत्या, पण इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे दाखवणारा एकही बाण मी न बघता काढलेला नव्हता. ती सवय लावल्यावरच विषय हळूहळू उलगडू लागला. हिशेब जमतच नसेल, तर मात्र मुदतीत विषय सोडावा, कारण एखादा 'डब्ल्यू', म्हणजे विषय सोडल्याची गुणपत्रकावरील नोंद, सरासरीत धरला जात नाही, उलट 'डी' मिळाल्यावर विषय पुन्हा घेतला तरी एएमसीएएस ही वैद्यकीय महाविद्यालयांची अर्जप्रणाली दोन्ही श्रेणी मोजते. असे 'डब्ल्यू' वारंवार दिसले, तर त्यावर प्रश्न येणारच. भारतातून एफ-१ व्हिसावर गेलेल्यांना पदवीच्या सत्रात साधारणपणे किमान १२ क्रेडिट लागतात. त्याखाली जाणार असाल, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी विषय सोडण्यापूर्वीच घ्या.