बर्फाखालचे मासे कॅमेऱ्यात पकडायचे तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिसला येऊन चार महिने झाले, पहिलाच हिवाळा आहे, ऑफिसातली मंडळी जानेवारीत आइस फिशिंगला, म्हणजे गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे गरवायला, नेणार आहेत, जवळ गोप्रो हा छोटा कॅमेरा आहे. तो भोकातून खाली सोडून मासे शूट करता येतील का, थंडीने कॅमेरा मरेल का, आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर आली तर कंटाळेल का.

येतील की. मी सात हिवाळे हा उद्योग करतोय आणि त्यात दोन कॅमेरे घालवलेत, म्हणजे बोलायचा हक्क थोडाफार कमावलाय.

आधी एक गैरसमज काढून टाका. कॅमेऱ्याला पाण्याची थंडी बाधत नाही, हवेची बाधते. जानेवारीत सकाळी तळ्यावर उणे १८ सेल्सिअस हे काही नवल नाही (इथले लोक फॅरेनहाइटमध्ये बोलतात, त्यांचा 'झीरो' म्हणजे आपला उणे १८). बर्फाला टेकलेलं पाणी मात्र शून्य अंशाला असतं आणि तळाकडे जावं तसं ४ अंशांच्या जवळ जातं. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड, म्हणून ते खाली बसतं आणि त्याहून थंड, हलकं पाणी वर राहून गोठतं. शाळेत हे पाठ करून मार्क मिळवले होते, खरं वाटलं ते इथे बर्फावर उभं राहिल्यावर. तर पाण्यात गेलेला कॅमेरा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्यासारखा सुखात असतो. माझी बॅटरी पाण्यात तासभर चालते. तीच बाहेर बर्फावर उघडी ठेवली तर पंधरा-वीस मिनिटांत मान टाकते. जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. गारठून बंद पडलेली बॅटरी मेलेली नसते, ऊब मिळाली की बऱ्याचदा पुन्हा उठते.

खरी गंमत कॅमेरा पाण्यातून वर काढल्यावर होते. काचेवरचं पाणी बघता बघता गोठतं, बटणं दबत नाहीत, झाकणाची कडी बर्फाने चिकटते. पहिल्या वर्षी मी चष्म्यावर मारतात तशी तोंडाने वाफ मारली. वाफही गोठली, आणि काचेवर आणखी एक थर चढला. आता मी बर्फावर ठोकलेल्या तंबूत तळ्याच्याच पाण्याची बादली भरून ठेवतो आणि कॅमेरा वर आला की थेट बादलीत. काचेवर बर्फ धरलाच तर नखाने खरवडू नका. कॅमेरा पुन्हा खाली खोल सोडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, तळाकडचं पाणी तो आपोआप वितळवतं.

दुसरा त्रास धुक्याचा. हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची पाणी न शिरणारी डबी, घरात बंद केलं की घरातली दमट हवा आत अडकते, आणि गार पाण्यात उतरल्यावर तिचं दव काचेला आतून बसतं. वरून सगळं ठीक दिसतं, घरी येऊन बघावं तर तासाभराचं धुकं. तंबूत बंद केलंत तर आणखी वाईट, कारण प्रोपेनचा हीटर जळताना वाफही सोडतो, त्यात आपले श्वास. (त्याच हीटरसाठी तंबूची वरची खिडकी उघडी ठेवा. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि तो नाकाला कळत नाही.) तेव्हा रबरी सील घरी उजेडात नीट पुसा, केस किंवा लोकरीचा धागा अडकलेला नाही हे बघा, पण झाकण लावा बाहेरच्या कोरड्या गारठ्यात. आत सिलिका जेलची एक पुडी. माझा पहिला कॅमेरा हातमोज्याच्या एका धाग्याने बुडवला. दोष सर्वस्वी माझा. हाउसिंग कशाला, असंही विचाराल. गोप्रोची हीरो ५ पासूनची ब्लॅक मॉडेलं उघडीच १० मीटरपर्यंत चालतात, आणि तुम्ही बहुधा ५-६ मीटरवरच बसाल. तरी मी हाउसिंग घालतो, कारण भोकाच्या कडेवर कॅमेरा आपटतो आणि तो बर्फ दगडासारखा असतो. घरी परतताना दाराबाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका.

फोनवर लाइव्ह बघता येईल या आशेवर असाल तर ती सोडा. वाय-फायच्या लहरी पाणी शोषून घेतं, काही सेंटिमीटरवर संपर्क तुटतो. थेट बघायचंच असेल तर वायरने स्क्रीनला जोडलेले खास कॅमेरे मिळतात. इथल्या जुन्या लोकांकडे तेच असतात. पण चित्र रेकॉर्ड करून घरी दाखवायला आपला छोटा कॅमेरा चांगला. फक्त रेकॉर्डिंग चालू करून सोडायचं आणि विसरून जायचं. मग तासाभरात मासा नेमका कधी आला हे शोधायचं कसं? माझी युक्ती अशी: गळाला काही जाणवलं की मी कॅमेऱ्याच्या दोरीला तीन हिसके देतो. घरी व्हिडिओ पळवताना चित्र तीनदा दचकलं की तिथे थांबायचं.

दोरीवरून आठवलं. नुसत्या दोरीला लटकवलेला कॅमेरा गरागरा फिरतो. माझं पहिलं शूटिंग म्हणजे जत्रेतल्या पाळण्यात बसून मासे बघितल्यासारखं होतं. बर्फाखाली ना लाटा ना वारा, तरी दोरीचा पीळ सुटत राहतो. उपाय साधा आहे, दोरीऐवजी रंगाऱ्याची लांब होणारी काठी वापरा. चार मीटरपर्यंत ती पुरते. त्याहून खोल जायचं तर दोन समांतर दोऱ्या एका आडव्या पट्टीला बांधा आणि पट्टीखाली शिसाचं वजन लावा. शिवाय एक वेगळी, जाड, सुटी दोरी फक्त कॅमेऱ्यासाठी, आणि तिचं दुसरं टोक तुमच्या खुर्चीला बांधलेलं. माझा दुसरा कॅमेरा ओल्या नायलॉनची गाठ सुटल्यामुळे खाली गेला. रेकॉर्डिंग चालूच होतं. तो व्हिडिओ आजतागायत कोणी पाहिलेला नाही.

वजन तळाला टेकू देऊ नका. चिखलाचा ढग उठतो आणि त्या निवांत पाण्यात तो बराच वेळ खाली बसत नाही. दोरीवर मीटरागणिक गाठी मारून ठेवल्या की अंधारातही हाताला खोली कळते.

भोकं दोन पाडा, हातभर अंतरावर: एकात गळ, एकात कॅमेरा. गिरमिट ८ किंवा १० इंची चालेल. वर तरंगणारा बर्फाचा चुरा काढायला इथे भोकाभोकांचा लांब दांड्याचा चमचा मिळतो, तो बघून मला बुंदी पाडायचा झारा आठवला, आणि एका वर्षी खरोखर झाराच नेला होता. उत्तम चालला. कॅमेऱ्यापासून आमिष अर्धा मीटर ठेवा. कॅमेऱ्याची लेन्स रुंद असते, मीटरभर लांबचा तळहाताएवढा मासा चित्रात बोटाच्या पेराएवढा दिसतो.

उजेडाचं काय? नितळ बर्फ उजेड बऱ्यापैकी आत सोडतो, तो अडवतं ते वरचं बर्फाचं भुसभुशीत पांघरूण, म्हणजे स्नो. मराठीत दोन्हीला बर्फच म्हणतो आपण, पंचाईत आहे. वीतभर स्नो असेल तर खाली दुपारीही तिन्हीसांजा असतात. फावड्याने भोकांच्या दक्षिणेकडचा दोन-तीन मीटरचा चौकोन साफ करा. दक्षिणेकडचा अशासाठी, की डिसेंबरअखेरीस इथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या जेमतेम २२ अंश वर येतो आणि उजेड तिरपा येतो. अकरा ते दोन हाच वेळ धरा. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे आणि किंचित वर ठेवलं तर मासे उजळ दिसतात, खाली वळवलं तर सगळा काळोख. ४के वगैरे विसरा, साधं १०८०, सेकंदाला ३० फ्रेम: उजेडही पुरतो, बॅटरीही. पाण्यात दिवा सोडायचा मोह होईल, सोडू नका. एक तर पाण्यातले कण चमकून चित्र पिठूळ होतं, आणि दुसरं म्हणजे दिव्याने मासे ओढणं मिनेसोटाच्या नियमांत बसत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं करायचं ते सांगतो. मी देवगडचा. लहानपणी आजोबांबरोबर खाडीच्या धक्क्यावर गरवायला जायचो. ते म्हणायचे, "बोटाक सगळा कळता." दोरी तर्जनीवर ठेवली की शेंगटी आहे की तांबोशी तेही सांगत. मी इथे त्याच विश्वासावर पाच तास बसायचो, बोटाला काही कळलं नाही की म्हणायचो, आज मासेच नाहीत. पहिला धड व्हिडिओ आला तेव्हा लाज वाटली. मासे होते. सबंध वेळ होते. ब्लूगिल नावाचा इथला तळहाताएवढा चपटा मासा गळासमोर येऊन नाकाला नाक लावून थांबतो, पाण्यासकट आमिष आत ओढतो आणि नको वाटलं की थुंकतो. डोळ्याची पापणी लवते ना लवते इतक्यात. एका दुपारच्या व्हिडिओत तो अकरा वेळा गळ तोंडात घेऊन गेला. माझ्या हाताला कळलं होतं दोनदा. तेव्हापासून मी गळाच्या काठीच्या टोकाला बारीक स्प्रिंगची तार लावतो. बोटाला न कळणारी ओढ ती वाकून दाखवते.

आणखी एक दिसलं ते माझंच चुकत होतं. मी गळ नाचवायचो भजनातल्या टाळासारखा, मासे लांबूनच बघायचे आणि मागे सरायचे. हात आखडला, जिग (वजन लावलेला छोटा गळ) नुसती थरथरू दिली, की पुढे यायचे. कोणी शिकवून हे डोक्यात शिरलं नसतं. पर्च तळाशी टोळीने येतात, चिखलातल्या अळ्या उकरत, आणि सगळं गढूळ करून जातात. क्रॅपी मात्र नेहमी खालून वर बघत येतो, म्हणून त्याच्यासाठी आमिष त्याच्या डोक्यावर हवं. त्याच्याखाली गेलं तर तो ढुंकून बघत नाही. वॉलआय, ज्याच्यामागे अख्खा मिनेसोटा वेडा आहे, तो उन्हं उतरल्यावर येतो. त्याच्या डोळ्यात मांजरासारखा उजेड परतवणारा पडदा असतो, म्हणून अंधुकात त्याला दिसतं आणि बाकीच्यांना नाही. दुर्दैवाने त्या वेळी आपल्या कॅमेऱ्यालाही नाही. त्याची माझ्याकडे एकच बरी फ्रेम आहे, त्यात दोन पांढरे ठिपके दिसतात. बायको म्हणते गाडीचे दिवे आहेत.

आवाज बंद करू नका. बर्फ थंडीने तडकतो तेव्हा वरून घुमल्यासारखा आवाज येतो, पण खालच्या माइकवर तो "पिऊऽऽ" असा, व्हिडिओ गेममधल्या बंदुकीसारखा ऐकू येतो. उंच स्वर बर्फाच्या थरातून खालच्या स्वरांपेक्षा आधी पोचतात म्हणून तसं. पहिल्यांदा ऐकून घाबरायला होतं, पण तो आवाज बर्फ फुटून आपण खाली जाण्याचा नव्हे.

खाली जाण्यावरून: चालण्यापुरता नितळ बर्फ किमान ४ इंच हवा. पांढरा, दुधाळ बर्फ त्याच्या निम्माच मजबूत, म्हणून त्याची जाडी दुप्पट धरा. जुनी मंडळी बरोबर आहेत म्हणून डोळे मिटून जाऊ नका, ठिकठिकाणी भोक पाडून मोजतात का ते बघा. गळ्यात अडकवायचे टोकदार खिळे मिळतात, पडलंच तर बर्फात रोवून बाहेर यायला, ते मुलीच्याही गळ्यात घाला. तुम्हाला लायसन्स लागेल, १६ वर्षांखालच्या मुलीला नाही.

आणि ती कंटाळणार नाही, फक्त तिला गळ देऊ नका, कॅमेऱ्याची दोरी द्या आणि तीन हिसक्यांचं काम सांगा. माझा मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा त्याच्याकडे हेच खातं होतं. एकदा त्याने काहीच लागलेलं नसताना हिसके दिले. मी रागावलो. घरी बघितलं तर त्या क्षणी चौकटीतले सगळे पर्च एकाएकी नाहीसे झालेले, आणि उजव्या बाजूने हाताएवढा लांब पाइक, दुसऱ्या माशांना खाणारा मासा, कल्ल्यांशिवाय काहीही न हलवता, सावकाश आत येत होता. कसं कळलं विचारलं तर म्हणाला, दोरी गप्प झाली होती.