रशियन गुन्हेगारी चित्रपटांतील प्रतिनायकांची स्वतःची अशी नीती असते का?

असते, पण ती लिखित कायद्याची नसते आणि रशियन टोळ्यांच्या जुन्या ‘चोरांच्या कायद्या’चीही असतेच असे नाही. अलेक्सेई बालाबानोव यांच्या १९९७ च्या ‘ब्रात’ (म्हणजे ‘भाऊ’) या चित्रपटातला दानिला बाग्रोव्ह पाहा. युद्धावरून परतलेला हा तरुण सेंट पीटर्सबर्गमध्ये थोरल्या भावाकडे येतो. भाऊ सुपारी घेऊन माणसे मारणारा निघतो आणि दानिला त्याचे काम फारशी खळखळ न करता अंगावर घेतो. मात्र एका घरात सावजाची वाट पाहत बसले असताना चुकून दारात आलेल्या निरपराध माणसाचा जीव जाणार असे दिसताच तो त्याला वाचवण्यासाठी बरोबरच्या गुंडांनाच गोळ्या घालतो. दुबळ्याला हात लावायचा नाही आणि रक्ताचे नाते तोडायचे नाही, एवढीच त्याची संहिता. म्हणूनच दगा देणाऱ्या भावालाही तो न मारता आईकडे गावी पाठवतो.

ही संहिता निर्मळ आहे असे मला वाटत नाही. ट्राममध्ये तिकीट न काढणाऱ्या, कॉकेशस या दक्षिणेकडच्या डोंगराळ प्रदेशातून आलेल्या प्रवाशांना तो पिस्तुलाच्या धाकाने जी वांशिक शिवी देतो, ती ऐकताना त्याचे ‘आपले’ आणि ‘परके’ किती उथळ आहेत हे उघड होते. २००० च्या दुसऱ्या भागात तो बळ पैशात नसून सत्यात असते असे सांगतो खरा, पण ते सत्य कोणते हे ठरवणारा तोच असतो, हातात पिस्तूल घेऊन.