वाचकांचे प्रश्न : जुन्या जीएसएम जाळ्यात जीपीआरएस

प्रश्न : बोलण्यासाठी उभारलेल्या जीएसएम मोबाइल जाळ्यावरच पुढे जीपीआरएस, म्हणजे फोनवरचं इंटरनेट, आलं. मग नवीन काय बसवलं? आणि संध्याकाळी ते रखडायचं का?

उत्तर : टॉवरवर फारसं काही नाही, बहुतेक बीटीएसना (टॉवरवरच्या रेडिओ यंत्रांना) नवं सॉफ्टवेअर पुरलं. नवी पेटी बसली ती बीएससीपाशी (अनेक बीटीएस सांभाळणाऱ्या नियंत्रकापाशी), पीसीयू. ती डेटाची पॅकेट्स कॉलपासून वेगळी काढून जाळ्यातल्या एसजीएसएन या डेटा-केंद्राकडे धाडते. ग्राहक कोणत्या भागात आहे याची नोंद एसजीएसएन ठेवतो, आणि बाहेरच्या इंटरनेटशी गाठ जीजीएसएन हे दुसरं केंद्र घालून देतं.

खरी गोची बीटीएस ते बीएससी या तारेत होती. तिथे प्रत्येक टाइमस्लॉटला (रेडिओवर एका कॉलला मिळणाऱ्या वेळेच्या वाट्याला) १६ केबीपीएसची वाट, कारण आवाजाला तेवढी पुरते. डेटा पाठवण्याच्या पद्धतींपैकी सीएस-२ कोडिंगचे १३.४ केबीपीएस त्यात मावतात, सीएस-४ चे २१.४ मावत नाहीत. म्हणून बरीच जाळी सीएस-२ वरच थांबली. चार स्लॉट घेणाऱ्या हँडसेटवर ५३.६ केबीपीएस हा आकडा त्यातूनच आला, आणि तोही कागदावरचा.

संध्याकाळचं कारण वेगळं. एका टीआरएक्समध्ये (बीटीएसमधल्या एका रेडिओत) आठ स्लॉट. एक सिग्नलिंगला गेला की सात उरतात. दोन टक्के कॉल नाकारले जातील असं धरलं तर सात स्लॉट सुमारे २.९ अर्लांग (सतत चालू असलेला एक कॉल म्हणजे एक अर्लांग) पेलतात, सहा फक्त २.३. डेटासाठी एक स्लॉट कायमचा राखला, तर कॉलची जवळजवळ पाव क्षमता जाते. साहजिकच छोट्या सेलमध्ये (बीटीएसच्या एका क्षेत्रात) कंपन्या राखीव स्लॉट कमीत कमी ठेवत. बाकीचे डेटाला उसने मिळत आणि कॉल आला की काढून घेतले जात. दोन-तीन टीआरएक्स असलेल्या सेलमध्ये मात्र एक स्लॉट राखायलाच हवा. तिथे कंजूषपणा नको.

प्रश्न : फोन नेटवर्कवर अटॅच होतो, आयपी पत्ताही मिळतो, पण पान उघडत नाही.

उत्तर : पत्ता मिळाला म्हणजे एपीएन (फोनमधलं इंटरनेट जोडणीचं नाव) आणि एचएलआरची (ग्राहकांच्या नोंदवहीतली) नोंद बरोबर आहे, तिथे वेळ घालवू नका. एसजीएसएन-जीजीएसएनमधल्या फायरवॉलवर यूडीपीचा पोर्ट २१२३ खुला आणि २१५२ बंद असेल, तर हेच दिसतं : पहिला सिग्नलिंगचा, दुसरा डेटाचा. पिंग चालतं, हलकी पानं येतात आणि जड पानं अडकतात, असं असेल तर दोष आकाराचा. या दोन केंद्रांमध्ये पॅकेट नेणाऱ्या जीटीपीचं वेष्टन प्रत्येक पॅकेटवर किमान ३६ बाइट चढवतं. १५०० चं पॅकेट मग तुटतं आणि काही फायरवॉल ते तुकडे टाकून देतात. एसजीएसएन-जीजीएसएन दुव्याचा एमटीयू (मोठ्यात मोठ्या पॅकेटची मर्यादा) वाढवा, किंवा जीजीएसएनवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) १४०० च्या खाली बांधा.