बारा फुटी की चौदा फुटी? आधी ती एफडी बघू

मुक्ताईनगर तालुक्यातून एका भाऊंचं पत्र आलंय. वय ४४, सहा एकर केळी, घरी आई, बायको, मुलगी अकरावीत, मुलगा आठवीत. हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चालवायला ॲल्युमिनियमची बोट घ्यायची म्हणतात. दोन कोटेशन आहेत. एक बारा फुटी, सपाट तळाची, रिवेट मारलेली, ९.९ एचपी इंजिनसकट २ लाख ६० हजार. दुसरी चौदा फुटी, वेल्डिंगची, पुढून जराशी व्ही आकाराची, १५ एचपी, ३ लाख ४० हजार. विचारलंय एवढंच की कोणती घेऊ. आणि खाली सहज लिहिलंय, "पैशाचं टेन्शन नाही, बँकेतली ३ लाखांची एफडी डिसेंबरात सुटतेय, कमी पडलं तर घरातलं सोनं ठेवू." सोबत पावतीचा फोटो.

भाऊ, तो फोटो मी मोठा करून करून वाचला. ती एफडी नाहीच, ती विमा पॉलिसी आहे. पावतीवर 'प्रीमियम' लिहिलंय, सम अश्युअर्ड म्हणजे विम्याची रक्कम १० लाख, हप्ते भरायची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं. एफडीला दरवर्षी डिसेंबरात १ लाख भरायला कोणी बोलावत नाही हो, एफडीत पैसे एकदा ठेवतात. तुम्ही तीन वर्षं तीन हप्ते भरलेत, या डिसेंबरात काही सुटणार नाहीये, उलट चौथा हप्ता भरायचाय. आणि पैसे पूर्ण सुटायला अजून १७ वर्षं आहेत, तेव्हा तुम्ही ६१ चे असाल.

तेव्हा बोटीचं नंतर बोलू, कारण ज्या पैशावर बोट ठरवलीय तो पैसाच डिसेंबरात हातात येत नाहीये.

हे बघून मला राग येतो आणि तो तुमच्यावर नाही. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी, कापून पैसे खात्यात आले की बँकेतले साहेब केबिनमध्ये बोलावतात, चहा पाजतात, "एफडीपेक्षा भारी स्कीम आहे" म्हणतात आणि माणूस सही करून येतो, कारण बँकेत बसलेला माणूस खोटं बोलेल असं गावात कोणाला वाटतच नाही. अशी पत्रं मला येतच असतात.

आता आकडे. तुम्ही लिहिलंय "शेवटी २० लाख मिळतील असं साहेब म्हणाले". पॉलिसीसोबत एक तक्ता येतो, त्यात दोन कॉलम असतात, एक ४ टक्क्यांचा आणि एक ८ टक्क्यांचा, दोन्ही नुसते धरलेले आकडे, हमी नाही. तुम्हाला ८ चा दाखवलाय. आणि तो खरा ठरला तरी १० वर्षं लाख-लाख भरून विसाव्या वर्षी २० लाख म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास व्याज पडतं. तेच पैसे पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी टाकले असते तर २९ लाखांवर गेले असते. ४ टक्क्यांचा कॉलम तर आणखी खाली, तो तुमच्या कागदात आहे, स्वतः उघडून वाचा.

तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. चालू ठेवायची, म्हणजे अजून सात लाख. सरेंडर करायची, म्हणजे पॉलिसी आत्ताच मोडायची, तीन हप्त्यांवर जुन्या नियमाने किमान ३५ टक्के, साधारण १ लाख ५ हजार, कंपनी जास्त देत असेल तर चांगलंच, ते लेखी मागा. किंवा पेड-अप करायची, म्हणजे पुढचे हप्ते बंद, आणि मुदत संपली की १० लाखांच्या तीन दशांश म्हणजे ३ लाख आणि आतापर्यंत जमा झालेला बोनस. सरेंडरचे १ लाख ५ हजार सात टक्क्यांनी १७ वर्षं ठेवले तरी सव्वातीन लाखच होतात, म्हणून दोन्हींत फार फरक नाही. पण मला ठाऊक आहे, तुम्ही सरेंडर केलं तर ते पैसे पीपीएफमध्ये जाणार नाहीत, बोटीत जाणार. ३ लाख भरून १ लाख हातात घ्यायचे आणि ते बोटीला लावायचे, हे मी तुम्हाला करू देणार नाही. पेड-अप करा. चौथा हप्ता भरू नका, आणि तो भरायला वहिनींचं सोनं तर अजिबात ठेवू नका, दहा-बारा टक्के व्याजाने पैसे काढून साडेचार टक्क्यात टाकायचे याला काही अर्थच नाही.

पण पेड-अपच्या आधी तक्रार. तुम्ही लिहिलंय की साहेब दर डिसेंबरात व्हॉट्सॲपवर "एफडीचा हप्ता भरून टाका" असा मेसेज टाकतात. तो मेसेज डिलीट करू नका, हाच तुमचा पुरावा! स्क्रीनशॉट काढा आणि बँकेला आणि विमा कंपनीला दोघांनाही लेखी द्या की एफडी सांगून पॉलिसी विकली, भरलेले सगळे पैसे परत करा. पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जायचं, तिथे फी नाही, वकील लागत नाही, फक्त नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर पण तक्रार होते, फोन १५५२५५. सगळे पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण मेसेजमध्ये 'एफडी' शब्द आहे म्हणून तुमची बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाही पण लिहिली, "सोसायटीचं पीककर्ज २ लाख आहे ते मार्चला थोडं मागे-पुढे झालं तर चालेल". नाही चालणार. पंजाबराव देशमुख व्याज सवलतीत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तरच बिनव्याजी पडतं, मुदत चुकली की सवलत गेली, व्याज लागतं आणि पुढच्या वर्षी कर्ज मिळायला पण त्रास. बिनव्याजी पैसा सोडून तुम्ही सोनं ठेवून पैसा उचलायला निघालात. केळीचे पैसे आले की पहिले २ लाख सोसायटीत.

आणि तिसरं, घरात पाच माणसं आणि विमा १० लाखांचा. तंबाखूची सवय नसेल तर ५० लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा, तुमच्या वयाला वर्षाला १५ हजारांच्या आसपास बसेल, सवय असेल तर खरं सांगून जास्त भरा, लपवू नका. तुम्ही पाण्यावर धंदा करायचा म्हणताय तर हे जास्तच लागतं. २१ मे २०२४ ला उजनीच्या बॅकवॉटरमध्ये अचानक वादळी वारं सुटलं, बोट उलटली आणि सहा जण गेले.

आता तुमची कमाईची बेरीज. "एका फेरीत ८ माणसं, माणशी १००, दिवसाला ५ फेऱ्या, वर्षात २०० दिवस, ८ लाख." आठ माणसं या बोटीत बसतच नाहीत भाऊ. छोट्या बोटीचा सोपा हिशेब आहे, फुटात लांबी गुणिले रुंदी भागिले १५. चौदा फुटी पाच फूट रुंद असेल तर साडेचार, म्हणजे चार, त्यात चालवणारे तुम्ही, म्हणजे गिऱ्हाइक तीन. बारा फुटी रुंदीलाही कमी असेल तर दोनच. आणि २०० दिवस कुठून आणणार? पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडायला लागले की काठावर जायची पण मनाई असते, एप्रिल-मे मध्ये ४५ डिग्रीत दुपारी कोणी येत नाही आणि वारं सुटायचं ते वेगळं. राहिले दिवाळी ते मार्चचे शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि मुक्ताईच्या यात्रेचे दिवस, असे पन्नास धरा. तीन माणसं, शंभर रुपये, पाच फेऱ्या, पन्नास दिवस, ७५ हजार. पेट्रोल २५ हजार, सर्व्हिसिंग, विमा, लाइफ जॅकेट मिळून १५ ते २० हजार. हातात तीस-पस्तीस. यावर बोटीचे पैसे निघायला दहा वर्षं. त्यात इंजिनची नाव म्हणून २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी, तपासणी लागते आणि धरणाच्या पाण्यात माणसं फिरवायला जलसंपदा विभागाची परवानगी. ती न घेता गिऱ्हाइक बसवलं आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल आणि तुमची सहा एकर त्यात जातील.

म्हणून या वर्षी बोट नको. सोसायटी फिटू द्या, टर्म घ्या, कांदेबागेचे, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीचे, पैसे बघा, आणि मग स्वतःच्या हौसेला आणि मासेमारीला म्हणून रोखीत घ्या, धंदा म्हणून नाही. मासेमारीचा ठेका कोणत्या मच्छीमार सोसायटीकडे आहे ते आधी विचारून घ्या, त्यांच्या सभासदत्वाशिवाय जाळं टाकता येणार नाही.

आणि तेव्हा कोणती, तर मी चौदा फुटी वेल्डिंगची घेईन. रिवेट काही वर्षांनी ढिल्या होतात आणि पाणी झिरपतं, वेल्डिंगला ते कमी. हतनूरमध्ये गाळ फार, उन्हाळ्यात पाणी उथळ होतं, तिथे सपाट तळ बरा पडतो हे खरं, पण वाऱ्याच्या लाटेला जराशी व्ही असलेली जास्त स्थिर चालते, आणि उथळात इंजिन उचलून वल्ह्याने काढता येते. फक्त १५ एचपी नको, त्याच बोटीवर ९.९ लावून मागा, फुल थ्रॉटलला १५ चं इंजिन तासाला साडेपाच लिटर पितं, ९.९ चं चारच्या आत. आणि इंजिनची ऑर्डर द्यायच्या आधी बोटीच्या मागच्या फळीची उंची टेप लावून मोजा, १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट (इंजिनचा पाण्यात जाणारा दांडा), २० असेल तर लाँग.