शेजारच्या गाळ्यात नवी सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) आली. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या मशीन शॉपने पुढे कसं राहायचं?

तशीच मशीन घेऊन नाही, तर त्यांना विकत घेता येणार नाही असं जे तुमच्याकडे आहे ते कामाला लावून. कर्ज मंजूर झालं की सीएनसी कुणाच्याही दारात उतरते. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक जे बार्नी यांनी 1991 मध्ये कसोटी मांडली ती अशी: साधन उपयोगी हवं, दुर्मीळ हवं, त्याची नक्कल अवघड हवी आणि पर्याय सहज मिळू नये. मी याच पट्ट्यात खरेदी विभागात आहे. मशीनचं मॉडेल आम्ही क्वचितच विचारतो; ड्रॉइंग बघून ‘साहेब, या बोअरला (भोकाला) इतका टाइट टॉलरन्स (मापात चालणारा फरक) खरंच लागतो का?’ असा फोन करणारा सप्लायर मात्र लक्षात राहतो. म्हणून तुमचा मुरलेला सेटर (कामासाठी मशीन लावून देणारा कारागीर) रोजच्या बॅचवर अडकवू नका, नव्या जॉबच्या पहिल्या पीसवर ठेवा. पीस रिजेक्ट का झाला ते जॉबकार्डवर लिहायला लावा (हे कुणीच करत नाही). सेटरच्या हाताखाली आयटीआयचा एक मुलगा द्या, नाहीतर दोन-तीन हजार जास्त मिळाले की ती विद्या शेजारच्या गाळ्यात जाईल. फक्त, मोठ्या बॅचच्या साध्या कामात दरच बघितला जातो. तिथे नव्या मशीनवाल्याशी झुंजू नका.