पहिला मोहोर खुडताना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. दोनच पावसाळे पाहिलेलं हापूसचं कलम, कमरेएवढंही नाही, आणि शेंड्यावर मोहोराचा तुरा! तुझा आनंद पत्राच्या ओळीओळीत दिसला. तरी सांगतो, तो मोहोर खुडून टाक. कणी, म्हणजे बारीक फळ, धरायच्या आतच खुड. पहिली तीन-चार वर्षं कलमावर फळ ठेवत नाहीत. एवढ्याशा झाडाने फळ पोसायला घेतलं की त्याची वाढ मागे पडते. खुडताना जिवावर येईल, ते यायचंच.

नोकरी सोडून आजोबांच्या जमिनीत उतरलीस. बरोबरीच्या मुलींच्या बढत्या कानावर येतात आणि आपल्या हाती अजून काहीच नाही, असं तू लिहिलंस. आंब्याच्या कामात वर्षं जातातच. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात तयार झाली, ती 1981 साली बागायतदारांपर्यंत आली. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून पातळ कोयीची ‘सिंधू’ आली, तेव्हा 1992 साल उजाडलं होतं. संकराचं रोप फळायला लागेपर्यंत त्या माणसांनी रोज काही ना काही केलंच असेल. तुलाही या चार वर्षांत काम भरपूर आहे. पावसाळा सरला की बुंध्याशी गवताचं आच्छादन, उन्हाळ्यात पाणी, आणि कलम जिथे बांधलंय त्या जोडाच्या खाली फुटणारे धुमारे काढत राहणं. ते धुमारे हापूसचे नसतात, राहू दिलेस तर वरच्या कलमाचं अन्न तेच खातील. मला धीर शिकवला तो असल्याच कामांनी. आज काय करायचं ते ठरलेलं असलं की फळाची घाई बरीचशी ओसरते.

एकदा सकाळी कलमापाशी उकिडवी बस आणि तो जोड बोटाने चाचपून बघ. खोडाला किंचित गाठ लागेल, सालीचा पोतही तिथे बदललेला दिसेल. खाली रुजली आहे ती रायवळाची, म्हणजे गावठी आंब्याची कोय, वरची काडी हापूसची. हापूसची कोय लावून हापूसच मिळेल याची खात्री नसते. म्हणून पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आंब्याची कलमं बांधायला लागले, तेव्हापासून कोणी ना कोणी ही काडी कापून पुढच्या झाडावर बांधत आलं. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. म्हातारपणी कलमं बांधणाऱ्यांनी त्यांची फळं चाखली की नाही, कोण जाणे. तुझ्या परड्यापर्यंत ती काडी पोचली, याचे मला फार उपकार वाटतात.

आजोबांची मोठी झाडं मोहोरली असतीलच. उन्हं चढायच्या आधी त्यांच्याखाली जाऊन उभी राहा. माश्या घोंगावत असतात. घरात आपण त्यांना हाकलतो, पण आंब्याच्या परागीभवनाचं मोठं काम त्याच करतात, जोडीला इतर बारीक कीटक. एका तुऱ्यात शेकडो फुलं, कधी हजाराच्या वर. त्यांतली बरीचशी नर, फळ धरू शकतील अशी थोडी. धरलेल्यांतलीही कणी असताना गळतात, सुपारीएवढी होऊन गळतात, आणि शेवटी तुऱ्याला एखाद-दुसरा आंबा टिकतो. जेवताना ताटात आंब्याची फोड पडली की मला आधी त्या माश्या आठवतात. म्हणून मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळ. मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांचा बंदोबस्त फुलं उमलायच्या आधीच करून घे.

बांधावरचा रायवळ तोडून तिथे आणखी एक कलम लावायचं म्हणतेस. तो तोडू नकोस, बाळ. बाजारात त्याला कोणी विचारत नसेल, पण घरातलं लोणचं आणि साठं त्याच्यावरच चालतं, आणि तुझी सगळी बाग त्याच्याच जातभाईंच्या मुळांवर उभी आहे. त्याचे आंबे पडू लागले की कोया धुऊन सावलीत ठेव. फार दिवस ठेवू नकोस, आंब्याची कोय लवकर निकामी होते. त्या रुजत घाल, तोवर मी येतोच. रुजलेल्या रोपाची पानं कोवळी, तांबूस असतानाच त्याच्यावर काडी बांधतात, तेच कोय कलम. ते तुला स्वतःच्या हाताने बांधायला शिकवतो. चाकूला तेवढी धार लावून ठेव.

तुझा,
काका