अणुबॉम्बच्या ईएमपीपासून घरातला टीव्ही, लॅपटॉप वाचवता येतो का?

तुमचा प्रश्न असा, की उंच आकाशात अणुबॉम्ब फुटला तर त्याच्या ईएमपीने, म्हणजे विद्युतचुंबकीय झटक्याने, घरातल्या वस्तू जळतील का, आणि फॉइलमध्ये गुंडाळल्या तर वाचतील का. माझं तळकोकणात टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. बॉम्बने गेलेला टीव्ही अजून कोणी आणलेला नाही, विजेने गेलेले मात्र दर वळवाला येतात. उपाय बरेचसे तेच.

९ जुलै १९६२ ला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटाच्या वर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनांचा बॉम्ब फोडला, 'स्टारफिश प्राइम'. तिथून १,४०० किलोमीटरवरच्या हवाईत रस्त्यावरचे सुमारे ३०० दिवे गेले. त्याच ऑक्टोबरात सोव्हिएत चाचणीने कझाकस्तानातली ५७० किलोमीटरची टेलिफोन लाइन बंद पाडली. दोन्हीकडे मार खाल्ला तो लांब तारांनी. झटका तार पकडते आणि तिच्या टोकाला जे जोडलेलं असेल ते मरतं. सौरवादळाचंही तसंच: १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास गेली, पण प्लग काढून ठेवलेल्या लॅपटॉपला त्याचं काही नव्हतं.

फॉइल चालतं, पण कपाटात ठेवायच्या वस्तूला. आधी कापडात किंवा कागदात गुंडाळा, वरून फॉइलचे दोन-तीन थर, फट नको, चार्जरची वायर बाहेर लोंबायला नको. आत एफएम लावलेला छोटा रेडिओ ठेवून बघा, गप्प झाला पाहिजे. चालू टीव्ही, फ्रिज मात्र कोण गुंडाळणार?

स्पाइक गार्डवर ईएमपीच्या बाबतीत भिस्त ठेवू नका. विजेचा झटका चढायला मायक्रोसेकंद लागतात, बॉम्बचा पहिला झटका काही नॅनोसेकंदांत चढतो. त्यातून बाजारातल्या कित्येक 'स्पाइक गार्ड' पट्ट्या खोलल्या तर आत नुसता स्विच आणि फ्यूज. खऱ्या पट्टीत एमओव्ही असतो, नाण्याएवढी चकती, बहुधा निळी. व्होल्टेज चढलं की ती झटका स्वतःवर घेते. दर झटक्याला थोडी थोडी झिजते, आणि एक दिवस करपून दोन तुकडे होते. मग पट्टी चालू दिसते, संरक्षण संपलेलं असतं.

आता रोजचं. गिऱ्हाईक टीव्ही आणतं आणि म्हणतं, "अहो, स्टॅबिलायझर लावलाय की!" मी मागचं झाकण काढतो. पॉवर बोर्ड ठणठणीत, फ्यूज शाबूत, आणि एचडीएमआयच्या सॉकेटमागची चिप फुटून वर काळं भोक. झटका लाइटच्या वायरने आलेलाच नसतो. छपरावरची डिश, तिथून केबल, सेट-टॉप बॉक्स आणि तिथून टीव्हीत. त्यात डिशच्या खांबाला वेगळं अर्थिंग आणि घराला वेगळं असेल तर दोन्ही अर्थिंगमधला फरक टीव्हीतूनच वाट काढतो. ती दोन्ही जाड तारेने एकत्र जोडून घ्या.

घराला खरं संरक्षण हवं असेल तर डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मुख्य स्विचच्या पेटीत, टाइप-२ चा एसपीडी, म्हणजे झटका अर्थमध्ये वळवणारा संरक्षक, बसवून घ्या. डीबीपासून त्याच्यापर्यंत आणि तिथून अर्थपर्यंतची वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत हवी, तिचे वेटोळे नकोत. वायरमन 'राहू दे, पुढे लागेल' म्हणून वायर गुंडाळून ठेवतात, तिथेच सगळ्यावर पाणी पडतं. एसपीडीच्या खिडकीत हिरव्याचं लाल झालं की कार्ट्रिज बदला. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला. ईएलसीबी असला म्हणजे झालं असं समजू नका. तो माणसाला शॉकपासून वाचवतो, टीव्हीला नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय: आभाळ भरून यायला लागलं की प्लग उपटा, डिशची केबल बॉक्समधून सोडा, दुसऱ्या इमारतीतून आलेली लॅनची वायर काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. तो बहुतेक एकच तार तोडतो, आणि आतली दोन मिलिमीटरची फट विजेला काहीच नाही. मात्र हे गडगडाट जवळ येण्याआधी. डोक्यावर कडकडत असताना प्लगला किंवा केबलला हात लावायला जाऊ नका, टीव्ही गेला तर जाऊ द्या.

जाता जाता, डीपीकडून, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरकडून, येणारी न्यूट्रल तार तुटली तर घरात २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट येतात आणि मिनिटं-मिनिटं राहतात. त्यापुढे एमओव्ही जळून जातो आणि एसपीडीचंही काही चालत नाही. त्याला व्होल्टेज वाढलं की लाइन तोडणारा वेगळा रिले लागतो, आणि डीबी उघडलेलीच आहे तर तोही त्याच फेरीत बसवून घ्या.